गाळाचं पेव

हे मनन वरून खाली उतरणारं आहे, पाण्याच्या पृष्ठभागापासून तळाच्या गाळापर्यंत. घाई नको. एकेका पायरीवर जितकं रेंगाळावंसं वाटेल तितकं रेंगाळा.

मन आधी इंग्लंडच्या वायव्येला न्या, तिथल्या डोंगरी तळ्यांच्या मुलखात. एस्थवेट वॉटर नावाचं एक छोटं तळं तिथे आहे. लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास, सर्वांत खोल जागी पंधरा मीटरच्या थोडं पुढे. भोवती कुरणं आणि मेंढ्या. विल्यम वर्ड्सवर्थ लहानपणी हॉक्सहेडच्या ज्या शाळेत शिकला, ती या तळ्याच्या वरच्या टोकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. महिना ऑगस्टचा धरा. वारा पडलेला आहे आणि पाण्यावर हिरवी झाक आहे. त्याच मुलखात वास्टवॉटर हे इंग्लंडमधलं सर्वांत खोल तळंही आहे, सत्तर मीटरांहून खोल आणि नितळ. विल्यम पिअरसॉल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२१ साली इथली तळी एका ओळीत मांडली, तेव्हा एका टोकाला खडकाळ, गरीब वास्टवॉटर आलं आणि दुसऱ्या टोकाला गाळानं भरलेलं, समृद्ध एस्थवेट.

आकाश एकच, डोंगर शेजारचे. मग एक हिरवं आणि एक नितळ का? हा प्रश्न मनात ठेवा, उत्तराची ओढ मात्र लावून घेऊ नका. आधी त्या हिरव्या रंगाकडेच बघत राहू.

तो रंग जिवंत आहे. पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना एकेकट्या न दिसणाऱ्या शेवाळांचा तो रंग. तळ्याची उत्पादकता म्हणतात ती इथून सुरू होते: उन्हात या पेशी किती वाढल्या, त्यांच्यावर किती पाणपिसू जगले, त्या पिसवांवर किती मासे. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी समुद्रातल्या अशा तरंगत्या जीवांच्या शरीरातली प्रमाणं काढली. स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे १६ आणि कर्बाचे १०६. तळ्यांत हे आकडे थोडे हलतात, पण त्यांचा अर्थ तोच राहतो. कर्ब हवेतून मिळतो. नत्रही, काही निळ्या-हिरव्या शेवाळांना तरी, हवेतून घेता येतो. स्फुरदाला हवेतून येण्याचा असा रस्ता नाही. तो खडकातून येतो, मातीतून, शेणखतातून, सांडपाण्यातून. डीएपीच्या पोत्यावर नत्राच्या शेजारी छापलेला हाच तो स्फुरद. १०६ ला १६ ला १, आणि त्या एकावर सगळं अडलेलं.

हे पटायला एक दृश्य पुरेसं आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओच्या वायव्य भागात प्रयोगासाठी राखलेली तळी आहेत. त्यांना क्रमांक दिलेले आहेत. २२६ क्रमांकाचं तळं मधोमध चिंचोळं आहे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चिंचोळ्या जागी प्लॅस्टिकचा पडदा लावून तळं दोन भागांत तोडलं. दोन्हीकडे कर्ब आणि नत्र घातला, आणि एका भागात त्यासोबत स्फुरदही. काही आठवड्यांत तो भाग दाट हिरवा झाला. दुसरा होता तसाच राहिला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्रानं साबणाच्या पावडरीतला स्फुरद कमी करण्याच्या बाजूनं जेवढं काम केलं, तेवढं अनेक जाडजूड अहवालांनाही जमलं नसेल, असं मला वाटतं.

आता खाली उतरू.

ऑगस्टमध्ये तळ्याचं पाणी एकसारखं नसतं. वर उन्हानं तापलेला हलका थर, खाली थंड जड थर, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वारा वरच्या थरातच खेळतो. मेलेली शेवाळं मात्र ही सीमा ओलांडून खाली जातात. मनानं अशाच एका पेशीबरोबर उतरा. उजेड कमी होतो, पाणी गार होत जातं, आणि वाटेतच जिवाणू तिला खाऊ लागतात. खाताना ते प्राणवायू वापरतात. वरून नवा प्राणवायू येत नाही, कारण सीमा मध्ये आहे. जून, जुलै, ऑगस्ट. तळाच्या पाण्यातला प्राणवायू दर आठवड्याला थोडा थोडा कमी होत जातो.

आणि मग तळ.

इथे बराच वेळ थांबायचं आहे. एस्थवेटच्याच मुलखातल्या विंडरमिअर तळ्याच्या काठावरच्या रे कॅसलमध्ये तेव्हा गोड्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांचं एक केंद्र होतं. तिथे काम करणाऱ्या क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी एस्थवेटच्या तळाशी असंच बराच काळ लक्ष लावलं. त्यांचे निबंध १९४१ आणि १९४२ साली प्रसिद्ध झाले, ऐन युद्धाच्या काळात. त्यांनी तळातला गाळ आणि त्यावरचं पाणी काचेच्या टाक्यांत आणून ठेवलं. एका टाकीला हवा मिळत राहिली, दुसरीची हवा तोडली. मग महिनोन्‌महिने दोन्हींमधलं पाणी तपासत राहिले.

गाळाच्या त्या पृष्ठभागाजवळ मन न्या. वरचे काही मिलिमीटर तपकिरी, गंजाच्या रंगाचे. त्याखाली काळपट, मऊ, सडक्या अंड्याच्या वासाचा थर. ही तपकिरी साय अगदी पातळ आहे, पण तळ्याच्या सुपीकतेचा दरवाजा तीच. तिच्यातलं लोह प्राणवायूच्या सहवासात गंजाच्या रूपात असतं, आणि गंजाला स्फुरद घट्ट चिकटून बसतो. खालच्या काळ्या गाळातून, कुजणाऱ्या पेशींतून सुटलेला स्फुरद वर यायला निघतो आणि या सायीत अडकतो. हवा मिळालेल्या टाकीत मॉर्टिमरना हेच दिसलं: वरच्या पाण्यात स्फुरद फारसा आलाच नाही.

हवा तोडलेल्या टाकीत वेगळं घडलं. पाण्यातला प्राणवायू लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला, सायीचा तपकिरी रंग उडाला, आणि मग गाळातून एकापाठोपाठ एक पदार्थ पाण्यात येऊ लागले. लोह विरघळलं. लोहाचा गंज गेला तसा त्याला चिकटलेला स्फुरद मोकळा झाला. अमोनिया आला. एस्थवेटच्या तळाशी उन्हाळ्याच्या शेवटी हेच होत होतं. जर्मनीत विल्हेल्म आइनझेले यांनी काही वर्षं आधी लोह आणि स्फुरदाचं हे नातं ओळखलं होतं. मॉर्टिमर यांनी त्याची जागा मिलिमीटरांत दाखवून दिली.

आपल्याकडे पूर्वी धान्य पेवात ठेवत. अंगणात पाय पडतो त्या जमिनीखाली खंडीभर जोंधळा असे, आणि पेव बंद आहे तोवर त्या जोंधळ्यानं कुणाचं पोट भरत नसे. गाळातला स्फुरद तसा आहे.

किती मोठं आहे हे पेव? अंदाजे हिशोब मनातल्या मनात करता येतो. तळाचा एक चौरस मीटर घ्या. त्यावर सहा मीटर पाणी, म्हणजे सहा हजार लिटर. लिटरला ३० मायक्रोग्रॅम स्फुरद धरला, म्हणजे पाणी बऱ्यापैकी समृद्ध धरलं, तरी साऱ्या पाण्यात मिळून १८० मिलिग्रॅम झाला. आता खालचा फक्त दहा सेंटीमीटर गाळ घ्या. असा गाळ नव्वद टक्के पाणीच असतो. कोरडा केला तर दहा किलोच्या आसपास भरेल. ग्रॅममागे एक मिलिग्रॅम स्फुरद हे साधारण प्रमाण आहे. झाले दहा ग्रॅम. म्हणजे पाण्यात आहे त्याच्या पन्नास पटींहून जास्त. त्यातला पन्नासावा भाग जरी वर आला, तरी पाण्यातला स्फुरद दुप्पट होतो.

म्हणूनच एक सोपा समज मनात घर करतो: गाळात स्फुरद जास्त, तर तळं सुपीक. हा समज जरा हातात धरून उलटसुलट बघा, कारण तो अर्धाच खरा आहे. दहा ग्रॅममधले सगळे ग्रॅम एकसारखे नसतात. काही स्फुरद डोंगराच्या खडकातून झिजून जसाच्या तसा आलेला असतो, चुन्याशी बांधलेला खनिज स्फुरद. तो एकाही शेवाळाच्या पोटात न जाता तळाशी पोचला आणि बहुधा तिथेच राहील. काही ॲल्युमिनियमशी जखडलेला असतो. प्राणवायू असो-नसो, तो सुटत नाही. काही पेशींच्या अवशेषांत असतो आणि कुजेल तसा मोकळा होतो. आणि काही लोहाला चिकटलेला असतो, ऋतूप्रमाणे धरला जाणारा आणि सोडला जाणारा. दोन तळ्यांच्या गाळात एकूण स्फुरद अगदी सारखा भरू शकतो आणि एक नितळ, एक हिरवं असू शकतं. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘एकूण स्फुरद’ असा एकच आकडा दिसला, तर त्यावरून तळ्याबद्दल फार काही बोलू नये. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सुपर फॉस्फेट टाकणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. टाकलेलं सगळं पिकाच्या हाती लागत नाही.

लोहाचाही भरवसा नेहमीच धरता येत नाही. तळ्यात गंधक जास्त असेल तर प्राणवायू संपल्यावर त्याचा वायू लोहाला पकडतो आणि काळं लोह-गंधक बनवतो. गाळाचा काळा रंग बराचसा याचाच. मग प्राणवायू परत आला तरी स्फुरद धरायला पुरेसं लोह उरत नाही. कधी याच्या उलटही होतं. गंधक कमी, लोह भरपूर, अशा गाळात खोलवर लोह आणि स्फुरदाचे स्फटिक तयार होतात. त्या खनिजाला व्हिव्हियानाइट म्हणतात. गाळाच्या नळीतून ताजं बाहेर काढलं तर ते रंगहीन दिसतं आणि हवा लागली की बघता बघता निळं होत जातं. तिथे गेलेला स्फुरद खरोखर पुरला गेला.

आता पुन्हा वर जायचं, पण वेगळ्या वाटेनं.

गाळानं सोडलेला स्फुरद आपोआप शेवाळांपर्यंत पोचतो असं नाही. एस्थवेटच्या तळाशी तो सुटला तेव्हा वर सीमा होती, आणि खाली अंधार. उजेड एका मजल्यावर, खत दुसऱ्या. शरद ऋतूत वरचं पाणी थंड होतं, सीमा मोडते, सगळं पाणी घुसळतं आणि तळाला प्राणवायू मिळतो. त्या क्षणी लोह पुन्हा गंजतं, आणि स्फुरदाचा मोठा वाटा बरोबर घेऊन परत खाली बसतं. उथळ तळ्यात मात्र सीमा टिकत नाही. दोन दिवस शांत गेले, तळ गुदमरला, स्फुरद सुटला. तिसऱ्या दिवशी वारा उठला आणि तो उन्हात आला, ऐन उन्हाळ्यात, शेवाळांच्या तोंडाशी.

काही शेवाळं तर वाऱ्याचीही वाट बघत नाहीत. स्वीडनच्या एर्केन तळ्यात ग्लिओट्रिकिया नावाचं निळं-हिरवं शेवाळ आहे. त्याच्या वसाहती एक-दोन मिलिमीटरच्या गोळ्यांएवढ्या, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या. हिवाळाभर ते गाळावर पडून असतं. वसंतानंतर तिथेच रुजतं, तिथेच गाळातला स्फुरद गरजेपेक्षा जास्त भरून घेतं, आणि मग पेशींमध्ये वायूच्या पोकळ्या तयार करून हलकं होतं आणि वर येतं. उन्हाळ्यात एर्केनच्या वरच्या पाण्यात गाळातून येणाऱ्या स्फुरदाचा मोठा वाटा या प्रवासातून येतो. एका गोळीकडे मन लावून बघा. तिच्या पोटात महिन्याभराची शिदोरी आहे आणि ती अंधारातून उजेडाकडे निघाली आहे. तळ आणि पृष्ठभाग यांच्यात इतकं सरळ नातं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

आता तळ्याच्या भूतकाळाकडे वळू.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या कडेला लेक वॉशिंग्टन आहे, ६५ मीटर खोल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून आजूबाजूच्या वस्त्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यात सोडलं जात होतं. १९५५ साली तिथे ऑसिलेटोरिया हे धोक्याची सूचना देणारं शेवाळ दिसलं. टॉमी एडमंडसन या प्राध्यापकांनी पुढे काय होईल ते लोकांना समजावून सांगितलं. १९५८ मध्ये नागरिकांनी मतदानानं खर्च मान्य केला, आणि १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी तळ्यापासून दूर वळवलं गेलं. तळं काही वर्षांतच निवळू लागलं. एकेकाळी पाण्यात मीटरभर खाली सोडलेली पांढरी तबकडी दिसेनाशी होई. पुढे ती तीन मीटरांवर आणि नंतर त्याहून खोल दिसू लागली. खोल पाण्यात उन्हाळ्यातही प्राणवायू उरत होता, त्यामुळे गाळानं आपला स्फुरद धरून ठेवला.

मिनेसोटातल्या ईली गावाजवळचं शगावा तळं याच्या अगदी उलट. ईली हे लोखंडाच्या खाणींचं गाव, आणि तळं सरासरी सहा मीटरांहूनही कमी खोल. त्यात येणाऱ्या स्फुरदाचा बहुतांश भाग गावाच्या सांडपाण्यातून येत असे. १९७३ साली तिथे स्फुरद काढून टाकणारा उत्तम प्रकल्प सुरू झाला. तळ्यातलं पाणी वर्षभराच्या आत बदलतं, तेव्हा दोन-तीन वर्षांत तळं सुधारेल असा हिशोब होता. वसंतातलं पाणी सुधारलंही. पण दर उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपे, गाळाचं पेव फुटे, आणि पाणी पुन्हा हिरवं होई. बाहेरून येणारा स्फुरद थांबला होता. आधीच्या दशकांत आलेला अजून खर्च व्हायचा होता. गावानं करायचं ते सगळं केलं आणि तरी तळं हिरवंच राहिलं. कुणी चुकलं नव्हतं. तळ्याचा जुना साठा संपायला त्याचा वेळ लागत होता. अशा वेळी लोकांचा धीर सुटतो आणि चांगली योजनाही बदनाम होते. याची मला फार काळजी वाटते, कारण गाळाची गोष्ट आधीच सांगितली असती तर लोकांनी वाट पाहिली असती.

स्वीडनच्या व्हेक्शो शहराजवळच्या ट्रुमेन तळ्यात तर वाट बघूनही भागलं नाही. सांडपाणी १९५०च्या दशकाच्या अखेरीस बंद केलं, तरी दहा वर्षांनंतरही हे उथळ तळं तसंच होतं. शेवटी १९७० आणि १९७१ साली स्वेन ब्यर्क यांच्या देखरेखीखाली तळाचा वरचा काळा गाळ उपसून काढला, दर वर्षी अर्धा मीटर. गाळाबरोबर आलेलं पाणी तळ्यात परत सोडण्याआधी ॲल्युमिनियम सल्फेटनं त्यातला स्फुरद बसवला. आपण घागरीत फिरवतो त्या तुरटीच्याच घराण्यातलं हे रसायन. त्यानंतर तळ्यातला स्फुरद एकदम खाली आला.

एवढं वाचल्यावर उपाय सोपा वाटेल: तळाला प्राणवायू द्या, दरवाजा बंद राहील. स्वित्झर्लंडच्या झेंपाख तळ्यात १९८४पासून हेच केलं. पाण्यातला स्फुरद पुढे कमी झालाही, पण रेने गॅख्टर आणि बेआट म्युलर यांनी अनेक वर्षांचा जमाखर्च मांडला तेव्हा दिसलं की, प्राणवायू दिल्यामुळे गाळानं जास्त स्फुरद पुरून ठेवलेला नाही. घट झाली ती शेतांतून आणि गावांतून येणारा स्फुरद कमी झाल्यामुळे. तपकिरी साय स्फुरदाला काही महिने थोपवते. कायमचं पुरायचं काम त्याखालच्या गाळात होतं, आणि ते गाळातल्या लोह, गंधक, ॲल्युमिनियम आणि चुन्यावर ठरतं. मॉर्टिमर यांनी पाहिलं ते खरंच होतं. ते एका ऋतूचं सत्य होतं, आणि दशकांचा हिशोब वेगळा निघाला.

इथून एक अवघड गोष्ट समोर येते. गाळ थरावर थर बसत जातो, तेव्हा प्रत्येक थरातला स्फुरद मोजून त्या त्या वर्षी तळं किती सुपीक होतं ते सांगता यावं, असं वाटतं. पण स्फुरद आपल्या थरात राहत नाही. कुजून सुटतो, गाळातल्या पाण्यातून वर चढतो आणि वरच्या तपकिरी सायीत अडकतो. त्यामुळे तळं वर्षानुवर्षं जसंच्या तसं असलं, तरी त्याचा सर्वांत वरचा थर स्फुरदानं भरलेला दिसू शकतो. जुन्या काळाची साक्ष काढायची तर डायटम नावाच्या शेवाळांचे काचेसारखे सांगाडे जास्त विश्वासाचे. ते जिथे पडले तिथेच राहतात. आणि कोणत्या पाण्यात कोणती जात वाढते हे ठाऊक असल्यामुळे, त्यांच्यावरून त्या वर्षीच्या पाण्यातल्या स्फुरदाचा अंदाज बांधता येतो.

आता मन आपल्याकडे आणा. आपल्या गावतळ्यांचं वेळापत्रक वेगळं. इथे अनेक तळी वैशाखात आटतात, गाळाला भेगा पडतात, आणि मृगाच्या पावसात तोच गाळ पुन्हा भिजतो. वाळताना गाळातले जिवाणू मोठ्या संख्येनं मरतात, आणि पहिल्या पाण्याबरोबर त्यांच्यातला स्फुरद अनेकदा एका लाटेत बाहेर येतो. शहरालगतच्या तळ्यांत तर सांडपाणी बाराही महिने येतं. तिथली जलपर्णी काढून काठावरच टाकली की ती कुजते आणि तिचा स्फुरद पावसाबरोबर परत पाण्यात जातो. काढलेली जलपर्णी तळ्याच्या उतारापासून दूर न्यायलाच हवी.

गाळ काढून शेतात पसरायची रीत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेनं तिला सरकारी हात दिला. धरणाची साठवण वाढावी आणि मुरमाड रानाला माती मिळावी, हा तिचा हेतू. ट्रुमेनमधलं काम आणि हे काम यांत एक नातं आहे: दोन्हीकडे तळाशी अडकलेला स्फुरद तळ्याबाहेर जातो. गाळ शहराच्या सांडपाण्याचा असेल तर त्यातले जड धातू तपासल्याशिवाय तो शेतात नेऊ नये. गाळ शेतीच्याच पाणलोटातला असेल, तर त्यातली माती कधीकाळी याच रानांतून वाहून गेलेली असते. ती परत आली की पहिल्या वळवातच पुन्हा ओढ्याला लागू नये, म्हणून ट्रॉल्या रिकाम्या करण्याआधी रानाची बांधबंदिस्ती झालेली हवी.